परप्रांतवास आणि शिकारीचा छंद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह, विवाहखर्च अशा विषयांवर अनेक वक्त्यांनी वेळोवेळी उत्तम विचार मांडले आहेत. नोकरी-व्यवसायानिमित्त जिल्हा सोडून परराज्यात जाणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही मी बोलावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. मी त्यासाठी एक आडवळणाचा विषय निवडला आहे. तो म्हणजे शिकार. हा विषय ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या जुन्या वाड्यांतून दोन वस्तू अजून आढळतात : खुंटीवर टांगलेली बंदूक आणि देवडीच्या भिंतीवरची सांबराची शिंगे. घरातील मुलगा इंदूरला, हैदराबादला, सुरतेला किंवा अगदी अमेरिकेला जावयास निघाला, की या दोन वस्तूंचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न तरुणांच्या ओठावर येतो : "तिकडे शिकार करता येते का?" या प्रश्नांची सरळ उत्तरे देण्याचा आज माझा विचार आहे.

प्रथम एक गंमत सांगतो. राज्य बदलावयाचे तर मनुष्यास घर सोडावे लागते, अशी आपली समजूत असते. आपल्या बुलढाणा जिल्ह्याने मात्र जागचे न हलता राज्ये बदलली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर आपण मध्यप्रदेशात होतो आणि आपली राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मेहकरचा शेतकरी आपल्या त्याच बांधावर उभा होता, पण चार वर्षांत तो तीन राज्यांचा रहिवासी झाला! त्या काळी शिकारीचे कायदेही राज्यागणिक वेगळे असत. मध्यप्रांताचा शिकारविषयक कायदा १९३५ सालचा. मुंबई राज्याचा वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा १९५१ सालचा. राज्य बदलले की परवाना देणारा अधिकारी आणि त्याची नियमावली यांची नव्याने ओळख करून घ्यावी लागे. तेव्हा 'नव्या राज्यात शिकार कशी मिळेल' हा प्रश्न आजच्या पिढीने काढलेला नाही. तो आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचा आहे.

त्या काळचे उत्तर सोपे होते. जंगलाचे भाग पाडलेले असत. ठराविक मुदतीचा परवाना काढावा लागे. विणीच्या हंगामात बंदी असे. बदलून आलेला साहेब कचेरीचा ताबा घेण्याआधी रानाची चौकशी करी. सातपुड्याच्या आणि मध्यप्रांताच्या जंगलांची कीर्ती कॅप्टन फोर्साइथ यांच्या १८७१ सालच्या ग्रंथाने पार विलायतेपर्यंत पोहोचविली होती. साहेबांचे पाहून जहागीरदार, मालगुजार आणि पाटीलही त्या छंदात पडले. हाका घालावयास गावची माणसे, माग काढावयास पारधी आणि फोटोसाठी मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे राहावयास हौशी शिकारी, अशी ती विभागणी होती. त्या हौसेचा हिशेब पुढे फार महाग पडला. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत साऱ्या हिंदुस्थानात जेमतेम अठराशे वाघ भरले.

त्याच वर्षी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याचा इतिहास परप्रांती जाणाऱ्याने मुद्दाम जाणून घेण्यासारखा आहे. वन्यप्राणी हा विषय तेव्हा राज्यांच्या अखत्यारीत होता. पण वाघास किंवा पक्ष्यास राज्याची सीमा कोठे ठाऊक? एका राज्यात बंदी आणि शेजारच्या राज्यात मोकळीक असली, तर बंदीला अर्थ उरत नाही. म्हणून अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेस कायदा करण्याचा अधिकार दिला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय समवर्ती सूचीत गेले. मूळ कायद्यात परवाना घेऊन काही प्राणी मारण्याची वाट ठेवलेली होती; १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. जम्मू-काश्मीरचा कायदा तेवढा निराळा होता. २०१९ नंतर तेथेही हाच कायदा लागू झाला.

तेव्हा तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर असे : हिंदुस्थानातील कोणत्याही राज्यात गेलात, तरी हौसेच्या शिकारीस आज जागा नाही. 'आमच्याकडे चालते, तुम्ही या' असे सांगणारा यजमान भेटला, तर तो आपणास मेजवानीचे नव्हे, तुरुंगाचे आमंत्रण देत आहे असे समजावे. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाचा अर्थही पुष्कळ व्यापक आहे. गोळी घालणे ही तर शिकार आहेच. परंतु फासे लावणे, विष घालणे, जाळ्यात पकडणे, हाका घालून जनावर उठविणे, आमिष दाखविणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सारे शिकारच होय. वाघ, बिबट्या, अस्वल, काळवीट, चिंकारा, मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांची कैद आणि निदान २५,००० रुपये दंड आहे. अभयारण्यातील शिकारीसही हीच शिक्षा आहे. ससा आणि तित्तिर मारणे हा पोरखेळ मानण्याची जुनी रीत होती. आज तोही गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ साली पुन्हा दुरुस्ती झाली आणि दंडाच्या रकमा वाढल्या. नुसत्या हौसेपायी मुलाची नोकरी आणि घराची अब्रू पणास लावणे हे कोणत्या शहाणपणात बसते?

येथे एक शंका निघेल. वर्तमानपत्रांतून वाचनात येते की अमुक राज्यात रानडुकरे मारण्यास परवानगी मिळाली. ही बातमी खोटी नसते, परंतु तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. २०१५-१६ च्या सुमारास केंद्र सरकारने बिहारमध्ये रोही व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांना ठराविक क्षेत्रापुरते आणि ठराविक मुदतीपुरते उपद्रवी ठरविले होते. बिहारमधील मोकामा येथे २०१६ साली बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले आणि त्यावरून देशभर मोठा वाद माजला. केरळात २०२२ साली रानडुकरांचा बंदोबस्त करण्याचे काही अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे दिले गेले. या सगळ्या व्यवस्था पिकासाठी आहेत, हौसेसाठी नाहीत. नव्या गावी राहावयास गेलेल्याने त्यांचा आधार घेऊन बंदूक उचलू नये.

आता आपल्या घरच्या दुखण्याकडे वळतो. शिकारबंदीचे गुणगान शहरात बसून करणे सोपे आहे. मोताळा, चिखली, खामगाव, संग्रामपूर या भागांत ज्यांची शेती रानाला लागून आहे, त्यांना विचारावे. पेरलेला हरभरा उगवून वर येतो न येतो तोच रोह्यांचा कळप रातोरात तो खुडून नेतो. मक्यात आणि भुईमुगात रानडुकरे शिरली की नांगर फिरविल्यासारखे शेत होते. थंडीच्या रात्री माळ्यावर जागून पहाटे डोळा लागलेल्या शेतकऱ्यास 'वन्यप्राणी हे राष्ट्राचे धन आहे' असे सांगितले, तर त्याच्या मनात काय येईल? त्याचा संताप खरा आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावाचून या विषयावर बोलण्याचा कोणास अधिकार नाही.

ते उत्तर कायद्यातच आहे. परंतु आपण ते वापरीत नाही. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी पिकास किंवा जीवितास धोकादायक झाला असेल, तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून त्याच्या शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत महाराष्ट्रात ही तरतूद लागू आहे. त्यासाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. असे मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते. ते घरी नेऊन शिजविणे हा वेगळा गुन्हा होतो. नुकसान झाले असेल तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा पाठपुरावा करावा. सौर कुंपणासाठी सरकारी अनुदानाची योजना आहे, तिचीही चौकशी करावी. भरपाई अपुरी मिळते, उशिरा मिळते, ही तक्रार रास्त आहे. पण एकेकट्याने कुरकुर करण्यापेक्षा दहा शेतकऱ्यांनी मिळून अर्ज केला, तर त्याचा परिणाम निश्चित अधिक होतो. आपल्या मंडळाने असे अर्ज लिहून देण्याचे काम हाती घेतले, तर ते मोठे लोकोपयोगी काम होईल. आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकांस त्यात आपला अक्षरांचा धर्मही पाळता येईल.

एका गोष्टीपासून मात्र हात जोडून सर्वांस परावृत्त करावेसे वाटते. बांधावर उघडी तार ओढून तीत विजेचा प्रवाह सोडण्याची दुष्ट रीत अनेक ठिकाणी पडली आहे. ती तार रानडुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही. पहाटे पाण्याची पाळी द्यावयास निघालेला शेजारी, गुरे वळणारे पोर, कित्येकदा तार लावणारा स्वतः अशा तारेवर प्राणास मुकतो. मग हरभरा वाचला तरी घर बुडते, आणि वाचलेल्याच्या माथी मनुष्यवधाचा खटला येतो.

आता खुंटीवरच्या बंदुकीकडे येऊ. शेतसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला शस्त्र कायद्याखाली मिळतो, दुसरी वन्यजीव कायद्याखाली. पहिल्यावरून दुसरी आपोआप मिळत नाही. अनेकांची येथेच फसगत होते. परराज्यात बिऱ्हाड हलविताना बंदूक सामानात गुंडाळून नेऊ नये. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे आधी पाहावे, आणि नव्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्यास कळवून तशी नोंद करून घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनपेक्षा अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत. वडिलोपार्जित शस्त्रे वारसाच्या नावे करून घेतलेली नसतील, तर वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच त्याची विचारपूस करावी.

शिंगे, कातडी आणि मृगाजिन यांविषयी तर अज्ञान फारच आहे. आजोबांनी कायदा होण्यापूर्वी शिकार केली असेल. परंतु त्या शिंगांचे स्वामित्व-प्रमाणपत्र घरात आहे काय? अशी वस्तू विकता येत नाही. ती वारशाने आली तर नव्वद दिवसांच्या आत वारसाने तिची माहिती वनखात्यास द्यावयाची असते. आणि आजच्या विषयाशी थेट संबंधित असा नियम हा की, प्रमाणपत्र असलेली वस्तूही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली, तर तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या मुख्य वन्यजीव रक्षकास किंवा त्याच्या अधिकाऱ्यास कळवावे लागते. म्हणजे बिऱ्हाडाच्या मालमोटारीत गाद्या-भांड्यांबरोबर चढलेले हरणाचे कातडे नव्या राज्यात पोहोचताच घरमालकावर संकट आणू शकते. देवघरातील मृगाजिन पवित्र खरे, परंतु कायद्यात देवघरासाठी सवलत नाही. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. २०२२ च्या दुरुस्तीने अशा वस्तू स्वखुशीने सरकारजमा करण्याची सोय केली आहे. तिचा विचार करावा. पिंजऱ्यातील देशी पोपट हादेखील याच कायद्याखाली येतो, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

आपली काही मुले आज अमेरिकेत आहेत. तेथे शिकार कायदेशीर आहे, मात्र ती नियमांनी जखडलेली आहे. प्रत्येक राज्याचा परवाना, हंगाम आणि जनावरांची मर्यादा वेगळी. रहिवाशास शुल्क कमी, परक्या राज्याच्या माणसास जास्त. टेक्सास राज्यात सलग सहा महिन्यांहून अधिक वास्तव्य झाल्यावाचून कोणी रहिवासी गणला जात नाही. बहुतेक ठिकाणी शिकार-शिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी १९३४ पासून केंद्र सरकारचे खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्यांस बंदूक बाळगण्याची तेथे सामान्यतः मनाई आहे. वैध शिकार-परवाना असल्यास अपवाद आहे. अशा बाबतीत मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये, वकिलास विचारावे. एका चुकीने तेथील वास्तव्यच संपुष्टात येऊ शकते. तेथून शिंगे-कातडी भेट म्हणून आणण्याचा मोहही टाळावा.

शिकारबंदीने आपला छंद गेला, असे आपण म्हणतो. परंतु ज्यांची भाकरी गेली त्यांचे स्मरण या व्यासपीठावरून व्हावे असे मला वाटते. आपल्या वडीलधाऱ्यांना जनावराचा माग दाखविणारे फासेपारधी बांधव तित्तिर-लाव्यांवर आपली पोटे भरीत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पारध्यांसही तो सोसावा लागला. १९५२ साली तो कायदा गेला, लोकांच्या मनातला शिक्का मात्र गेला नाही. पुढे १९७२ च्या कायद्याने त्यांचा पिढीजात धंदाच बेकायदा झाला; आणि आपल्यापाशी होती तशी शेती त्यांच्यापाशी नव्हती. आज अकोला-वाशीम भागात याच बांधवांपैकी काही जण आपले पक्षिज्ञान तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्यांच्या आणि माळरानांच्या राखणीस लावीत आहेत. ज्यांच्याकडून आपण शिकार शिकलो, त्यांच्याकडूनच आता राखण शिकावी आणि त्यांच्या मुलांना आपल्या शाळांत, आपल्या पंक्तीत जागा द्यावी. कायदा पाळण्याइतकेच हेही आपले कर्तव्य आहे.

मग शिकाऱ्याच्या अंगच्या गुणांचे काय करावयाचे? पहाटे उठणे, वारा ओळखणे, माग वाचणे, तासन् तास निश्चल बसणे हे गुण थोर आहेत आणि ते वाया जाऊ नयेत. जिम कॉर्बेट हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. नरभक्षक वाघांचा हा नामांकित शिकारी पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात अधिक रमला. १९४७ साली तो आफ्रिकेत केनियास जाऊन राहिला. म्हणजे तोही परमुलखास गेलेलाच. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या साऱ्या अभ्यासाचा आरंभ बालपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीपासून झाला. त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्या मुलास पडला. मारण्यावर न थांबता प्रश्न विचारला, म्हणून राष्ट्राला एक ज्ञानी पुरुष लाभला.

आपल्या मुलांस दूर जाण्याचीही गरज नाही. बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, संग्रामपूर तालुक्यात १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा आहे आणि लोणारचे सरोवर तर २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. याच ज्ञानगंगेत २०१९ च्या डिसेंबरात एक विलक्षण पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जूनमध्ये घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात वनखात्याचा रेडिओ-पट्टा होता, म्हणून त्याचे पाऊल न् पाऊल कळत होते. तेलंगणाच्या आदिलाबाद भागातून, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशी शेते, रस्ते आणि नद्या ओलांडीत सुमारे तेराशे किलोमीटर चालून तो आपल्या जिल्ह्यात आला. पुढील काही महिन्यांतील भ्रमंती धरता तो तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला. एप्रिल २०२० मध्ये त्याचा पट्टा काढण्यात आला.

बंधूंनो, दुसऱ्या राज्यात जाऊन खरी शिकार शोधण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्याला होता. कारण ती त्याची हौस नव्हती, पोट होते. आपली पिके तुडविणारी रानडुकरे हेच त्याचे अन्न. आपण वाघ मारले, बिबट्यांस हुसकले, जंगल कापले. आणि आता रोही-डुकरे वाढली म्हणून कपाळावर हात मारतो. जंगलात राखणदार टिकला तर शेताची राखण थोडी सोपी होते, एवढा साधा हिशेब आपल्या मुलांना जरूर शिकवावा.

महाकवी कालिदासाच्या शाकुंतलाचा आरंभ आठवावा. राजा दुष्यंत हरणाचा पाठलाग करीत एका अनोळखी प्रदेशात येतो. हे आश्रमाचे हरीण आहे, याला मारू नकोस, असे तपस्वी सांगतात, आणि सार्वभौम राजा बाण खाली घेतो. राज्य त्याचे होते, बाण त्याचा होता. तरी त्या ठिकाणचा धर्म त्याने आधी ऐकला. परक्या ठिकाणी कसे वागावे याचा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. आपली मुले ज्या राज्यात, ज्या देशात जातील तेथे आपल्या विद्येने मान मिळवोत, तेथील कायदा आणि तेथील रान यांचा आदर करोत, आणि सुटीत गावी आल्यावर ज्ञानगंगेच्या काठी आपल्या लेकरांना बिबट्याचा माग ओळखावयास शिकवोत, एवढीच इच्छा व्यक्त करतो.